किर्द, खतावणी आणि टॅग

मराठीत 'दप्तर' हा शब्द दोन टोकांना नांदतो. शाळेला निघालेल्या मुलाच्या पाठीवर असते ते दप्तर, आणि एका राज्याचा सगळा कारभार ज्या कागदांत साठून राहिला तेही दप्तरच. शब्द मूळचा फारसी. हिंदी-उर्दूत तो कचेरी झाला, बंगालीत सरकारी खाते झाला, मराठीत मात्र कागदांना चिकटून राहिला. त्याच्याभोवती जमलेले वाक्प्रचारही पाहण्यासारखे आहेत. अर्ज 'दप्तरी दाखल' झाला म्हणजे त्याचे पुढे काही होणार नाही. प्रकरण 'बासनात गुंडाळले' म्हणजे ते संपले. कागद नीट जपून ठेवणे आणि तो कायमचा विसरणे यांत फारसे अंतर नाही, हे भाषेने केव्हाच ओळखले होते.

आज आपल्या फोनमध्ये आणि संगणकावर कागदांची जागा फाइलींनी घेतली आहे. त्यांच्यासाठी आपल्याकडे फोल्डर आहेत, लेबले आहेत, टॅग आहेत. शब्द नवे असले तरी त्यामागची अडचण जुनी आहे. ठेवणाऱ्याला एक जागा पुरते, शोधणारे मात्र अनेक वाटांनी येतात. कोणी साल विचारतो, कोणी गाव, कोणी माणसाचे नाव, कोणी नुसता विषय. कागद तर एकच. मग तो कोणाच्या सोयीने ठेवायचा? या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत दिलेल्या उत्तरांचा इतिहास थोडक्यात पाहायचा आहे.

सुरुवात पुण्यातून करू. पेशव्यांच्या हुजूर दप्तराच्या दोन मुख्य शाखा होत्या, चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर. रोजचा कारभार चालत्या दप्तरात होई. त्याचे फड, बेहेडा, सरंजाम असे भाग होते. एकबेरीज दप्तरात हिशेबांची जुळणी होऊन त्यांचे गोषवारे निघत. लिखाण मोडीत, आणि कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही तोच शब्द चालतो.

या दप्तरातली एक रीत अजूनही मराठी हिशेबनिसांच्या बोलण्यात टिकून आहे : किर्द आणि खतावणी. दिवसभरात जे घडले, जी रक्कम आली-गेली, जो हुकूम सुटला, तो त्या दिवसाच्या किर्दीत उतरायचा. किर्द ही काळाच्या क्रमाने चालते आणि लिहिणाऱ्याला निवड करू देत नाही. आजचे आजच लिहायचे. पण एखाद्या सरदाराकडे वर्षभरात किती रक्कम गेली हे कळण्यासाठी तीनशेसाठ दिवसांची किर्द चाळत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून किर्दीतल्या नोंदी पुन्हा खात्यांवार उतरवून काढत. ती खतावणी. घटना एकच, पण तिच्यापर्यंत पोहोचायच्या वाटा दोन. एक तारखेची, दुसरी खात्याची. फोनमधले फोटो आपोआप तारखेने लागतात आणि आपण त्यांतूनच 'लग्न', 'सहल', 'पावत्या' असे अल्बम करतो, तेव्हा आपण किर्दीवरून खतावणीच घालत असतो. मूळ फोटो हलत नाही, त्याच्याकडे जाणारी एक वाट वाढते.

ही दुसरी वाट फुकट मिळत नाही. कोणीतरी कारकून समईच्या उजेडात बसून तीच नोंद पुन्हा लिहितो, तेव्हा ती तयार होते. आणि खाते कुठले धरायचे हे तो स्वतः ठरवत नाही, कारभाराला काय हवे त्यावरून ते ठरते. वर्गीकरणाच्या इतिहासात हे दोन प्रश्न सतत भेटत राहतात. नाव द्यायचे श्रम कोणाचे, आणि नाव कोणते द्यायचे हा अधिकार कोणाचा?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच दप्तराच्या पुढच्या आयुष्यात सापडते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. नव्या राज्यकर्त्यांना मराठ्यांच्या स्वाऱ्या-तहांशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना विचारायचे होते ते एवढेच, की कोणाची इनाम जमीन खरी आणि कोणाची खोटी. सारामाफीच्या जमिनींवर सरकारचा महसूल बुडत होता. त्यासाठी इनाम कमिशन बसले, १८५२ मध्ये त्याला कायद्याचे बळ मिळाले, आणि हक्क तपासायचे साधन म्हणून जुने दप्तर उलगडले गेले. ठिकठिकाणचे कागदही त्यात येऊन पडले. हा सगळा संग्रह ज्या कचेरीत होता, तिचे नाव पडले 'एलिएनेशन ऑफिस'. ज्या जमिनींचा सारा सरकारने दुसऱ्याला तोडून दिला, त्या 'एलिएनेटेड' जमिनींची ती कचेरी. एका राज्याच्या सगळ्या स्मृतीवर महसूल खात्याचे लेबल लागले.

हे लेबल नुसते दारावरच्या पाटीपुरते नव्हते. कागद ज्या प्रश्नासाठी लावलेले असतात, त्या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते. बाकीचे सगळे प्रश्न अडून राहतात. शिवाय महसुलाचे कागद हे गुप्त कागद मानले गेल्यामुळे अभ्यासकांनाही तिथे फार काळ सहज प्रवेश नव्हता. अखेर जदुनाथ सरकारांच्या आग्रहाने आणि बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गो. स. सरदेसायांच्या कष्टाने हे दप्तर इतिहासासाठी नव्याने चाळले गेले, आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. सरदेसायांनी लावलेली खातीही अर्थात त्यांच्याच प्रश्नांची होती. ती राजकारणाची, मोहिमांची, घराण्यांची. पुढे शेतीचा, जातींचा, बायकांच्या मालमत्तेचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच रुमालांत आणखी वेगळ्या वाटा काढाव्या लागल्या. इनाम कमिशनच्या कारकुनाने जो कागद बिनकामाचा म्हणून बाजूला सारला असेल, तोच एखाद्याच्या प्रबंधाचा आधार होऊ शकतो. कागद बदलत नाही, त्याला कोणत्या नावाने हाक मारावी हे बदलते.

इकडे पुण्यात इनामांची छाननी झाल्यावर पाव शतकाने, सातासमुद्रापलीकडे, एका अमेरिकन ग्रंथपालाने सगळ्या विद्येला क्रमांक द्यायचे ठरवले. मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. त्याआधी अनेक ग्रंथालयांत पुस्तकाला कपाटाचा आणि फळीचा क्रमांक असे. ड्यूई यांनी क्रमांक जागेला न देता विषयाला दिला, त्यामुळे कपाटे हलली तरी पुस्तकाचा पत्ता बदलेना. ही मोठीच सोय होती आणि ती जगभर पसरली.

पण दहाच खण असले की कोणाला ऐसपैस जागा मिळायची आणि कोणाला दाटीवाटीने बसायचे, हे आधीच ठरते. धर्माच्या २०० या वर्गात २२० पासून २८९ पर्यंतचे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, आणि जगातले उरलेले सगळे धर्म २९० मध्ये. साहित्यात इंग्रजी कादंबरी ८२३ या तीन आकड्यांत मावते, मराठी साहित्याचा पत्ता मात्र ८९१.४६. शेजारी ८९१.४३ वर हिंदी, ८९१.४४ वर बांगला, ८९१.४७ वर गुजराती. तमिळ त्याहून लांब, ८९४.८११. आपण ज्या भाषांत जगतो, त्या सगळ्या या पद्धतीत 'इतर साहित्य' या खणात दशांशचिन्हापलीकडे राहतात. यात कोणाचा दुष्टावा होता असे म्हणायचे कारण नाही. एका अमेरिकन कॉलेजच्या ग्रंथालयात जी पुस्तके जास्त होती, त्यांना जास्त जागा मिळाली. पण तीच मांडणी साऱ्या जगाची म्हणून चालू लागली की एका खोलीची सोय दुसऱ्याच्या घराचा नकाशा होऊन बसते.

फोल्डरचे घराणेही याच काळातले. ड्यूई यांच्याच लायब्ररी ब्यूरो या कंपनीने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात कागद उभे ठेवायचे खण मांडले होते. त्याआधी कचेऱ्यांत पत्रे घडी करून कबुतरखान्यासारख्या कप्प्यांत कोंबत. आता पत्र जाड कागदाच्या घडीत उभे राहू लागले आणि घडीच्या वरच्या कानावर नाव लिहिता येऊ लागले. मनिला तागाच्या पिवळट कागदावरून त्याला मनिला फोल्डर म्हणत. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या संगणकाने पडद्यावर चित्रे दाखवून काम करायची सोय बाजारात आणली, तेव्हा तिथे फोल्डरचेच चित्र होते. ज्यांनी कधी कचेरीतले लोखंडी कपाट उघडले नाही, अशी पोरेही आज त्याच पिवळ्या घडीवर बोट ठेवतात.

या चित्राबरोबर कागदाची मर्यादाही पडद्यावर आली. खरा कागद एका वेळी एकाच घडीत राहू शकतो. संगणकाला ही सक्ती नव्हती, पण आपल्या डोक्यात ती बसली. म्हणून दवाखान्याची पावती 'आरोग्य'मध्ये ठेवावी की 'आयकर'मध्ये, यावर माणूस घुटमळतो आणि शेवटी 'इतर' नावाचे फोल्डर उघडतो. पुण्याच्या दप्तरात नाना ठिकाणांहून गोळा झालेल्या कागदांचा एक गट 'जमाव' या नावाने ओळखला जातो. असा एक जमाव प्रत्येकाच्या संगणकात आहे, आणि तोच सगळ्यांत लवकर फुगतो.

या सक्तीतून सुटायची वाट दाखवणाऱ्यांत एक मोठे नाव भारतातले आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा, तंजावर जिल्ह्यातल्या शियाळीचा. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेले. ड्यूईंच्या पद्धतीतली अडचण त्यांना तिथे जाणवली : सगळे विषय आधीच मोजून त्यांना खण दिलेले, मग उद्या नवा विषय जन्मला तर तो ठेवायचा कुठे? लंडनमधल्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट, पण विक्रेता त्यांतून दर वेळी वेगळे खेळणे जोडून दाखवत होता. रंगनाथन यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे की उत्तर त्यांना तिथे मिळाले. तयार खण द्यायचे नाहीत, सुटे भाग द्यायचे. १९३३ मध्ये त्यांचे 'कोलन क्लासिफिकेशन' प्रसिद्ध झाले. मराठी ग्रंथालयशास्त्रात त्याला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. द्विबिंदूचे ते चिन्ह म्हणजे पट्ट्या जोडणारा नट-बोल्ट.

त्यांच्या पद्धतीत विषयाचे पैलू वेगवेगळे पाहायचे असतात. मुख्य वस्तू कोणती, द्रव्य कोणते, क्रिया कोणती, स्थळ कोणते, काळ कोणता? प्रत्येकाचा आकडा वेगळा, आणि मग त्यांची जोडणी. रंगनाथन यांच्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. तंजावरच्या भोसले राजांच्या कारभाराचे कागद मराठी भाषेत आणि मोडी लिपीत आहेत, आणि त्यांत छत्रांच्या, म्हणजे यात्रेकरूंसाठी बांधलेल्या अन्नछत्रांच्या, खर्चाचे हिशेब आहेत. असा एक कागद मराठीच्या कपाटात जावा की तमिळनाडूच्या? धर्माच्या की अर्थव्यवहाराच्या? राजघराण्याच्या की धान्याच्या भावांच्या? ए. सी. बर्नेल यांनी तंजावरच्या राजवाड्यातल्या संग्रहाची वर्गीकृत सूची १८८० मध्ये छापली ती संस्कृत हस्तलिखितांची. तिच्या दारातून या कागदापर्यंत पोहोचताच येत नाही. पैलू सुटे केले की भांडण मिटते. भाषा मराठी, लिपी मोडी, स्थळ तंजावर, काळ सरफोजी राजांचा, विषय छत्राचा खर्च. यांतले कुठलेच उत्तर दुसऱ्याला खोटे पाडत नाही.

रंगनाथन यांना हेही ठाऊक होते की पुस्तक शेवटी एकाच फळीवर उभे राहणार. म्हणून पैलूंचा क्रम त्यांनी बांधून दिला आणि क्रमांकातल्या प्रत्येक कडीवरून सूचीत स्वतंत्र नोंद निघेल अशी साखळीची रीत सांगितली. फळीवर जागा एक, सूचीत दारे अनेक. पेशव्यांच्या कारकुनाची किर्द-खतावणी त्यांनी पाहिली होती असे म्हणायला आधार नाही. पण अडचण एक असली की शहाणी माणसे जवळपासच्याच उत्तरांना पोहोचतात.

संगणकाच्या आतले जग या विचाराला अनुकूल होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत मल्टिक्स या प्रणालीसाठी झाडासारख्या फांद्यांत फाइली ठेवायची योजना निघाली. तिच्यातही एका फांदीवरून दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवायची सोय होती. पाठोपाठ आलेल्या युनिक्समध्ये तर फाइलीची खरी ओळख म्हणजे एक आकडा. आपण वाचतो ती नावे त्या आकड्याकडे नेणाऱ्या पाट्या. एकाच फाइलीला वेगवेगळ्या फोल्डरांत वेगवेगळी नावे असू शकतात आणि त्यांतले कोणतेही नाव दुसऱ्यापेक्षा अस्सल नसते. नाव आणि वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यंत्राने मुळापासून मान्य केले होते.

सामान्य वापरात ही मोकळीक यायला २००३-०४ उजाडले. जोशुआ शॅक्टर यांच्या 'डेलिशस' या सेवेत लोक आवडलेल्या पानांना आपल्या मनाचे शब्द जोडून ठेवू लागले. फ्लिकरवर फोटोंना टॅग लागले. १ एप्रिल २००४ रोजी आलेल्या जीमेलने फोल्डरऐवजी लेबले दिली, म्हणजे एकाच पत्रावर 'घर' आणि 'बँक' ही दोन्ही नावे बसू लागली. २००७ च्या ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर विषयाच्या शब्दाआधी # हे चिन्ह लावायची सूचना केली आणि तो हॅशटॅग पुढे रस्त्यावरच्या आंदोलनांपर्यंत पोहोचला. थॉमस व्हँडर वॉल यांनी या लोकांनी केलेल्या वर्गीकरणाला 'फोक्सॉनॉमी' असे नाव दिले. आपण लोकवर्गीकरण म्हणू. नाव द्यायचा अधिकार ग्रंथपालाकडून आणि कमिशनच्या साहेबाकडून सुटून प्रत्येकाच्या बोटांवर आला.

अधिकार आला तसे कष्टही आले. ड्यूईंचा आकडा सगळीकडे एकच असतो. लोकांचा शब्द तसा नसतो. त्यात आपल्या भाषांची अडचण दुहेरी आहे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. 'नांव' आणि 'कांही' यांचे 'नाव' आणि 'काही' झाले. वाचकाला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. पुणे, पूना आणि त्यांची रोमन रूपे म्हणजे एका शहराची चार लेबले. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र जोडून 'अॅ' लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. आतले आकडे वेगळे असल्याने एका रूपातला टॅग दुसऱ्या रूपातल्या शोधाला सापडेलच असे नाही. त्याहून मोठा ढीग युनिकोडपूर्व फाँटांतल्या मजकुराचा आहे. अनेक नियतकालिके आणि पुस्तके तेव्हा अशा फाँटांत जुळवली गेली, ज्यांत देवनागरी वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. फाइली शाबूत असल्या तरी तो फाँट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्राला तिथे मराठी आहे याचा पत्ताही लागत नाही. मोडी न येणाऱ्यापुढे रुमाल सोडून ठेवावा, तसेच हे.

आणखी एक गोष्ट डेलिशसने शिकवली. लोकांनी वर्षानुवर्षे घातलेली ती खतावणी अनेक मालकांच्या हातांतून गेली आणि २०१७ मध्ये सेवा नवी भर घालण्यासाठी बंद झाली. फाइल आपल्याकडे आणि तिची नावे दुसऱ्याच्या घरी, अशी वाटणी असली की घरमालक बदलताच वाटा बुजतात. फोटो उरतात. त्यांतली आजी कोण, गाव कोणते, हे सांगणारे उरत नाही.

आज यंत्रे स्वतःच चित्रातला चेहरा आणि कागदातला शब्द ओळखू लागली आहेत, तेव्हा टॅग लावायची यातायात कशाला, असे विचारले जाते. यंत्राची मदत जरूर घ्यावी. पण यंत्रही कोणीतरी आधी दिलेल्या नावांवरच शिकते. आणि ज्या भाषांतल्या वस्तूंना नावेच कमी लागली आहेत, त्या त्याच्याही 'इतर'मध्ये पडतात. म्हणून आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नांसाठी चार शब्द लिहून ठेवणे याला मोल आहे : साल, गाव, माणूस, प्रसंग. कुठल्याही कारकुनाला जमेल एवढेच हे काम. मात्र ते वस्तू ठेवतानाच करावे लागते, पुढे कधीतरी म्हणून चालत नाही. किर्द कोणीही लिहील. खतावणी न घातलेले वर्ष मात्र पुढच्या पिढीला मुके असते.

युनिक्समधला एक साधा नियम इथे आठवतो. तिथे फाइल थेट पुसली जात नाही, तिची नावे पुसली जातात. एक जरी नाव शिल्लक असेल तोवर ती राहते. शेवटचे नाव गेले आणि कोणी ती उघडून बसलेले नसले, की यंत्र ती जागा दुसऱ्याला देऊन टाकते. जुन्या रुमालांचे आणि घरातल्या पत्रांचे नशीब याहून फारसे वेगळे नसते.